चहाचे चवपरीक्षण

चहाचे चवपरीक्षण म्हणजे सुट्या पानांचा चहा ठरावीक प्रमाणात, ठरावीक वेळ गरम पाण्यात मुरवून त्याची कोरडी पाने, भिजलेला चोथा आणि गाळलेला अर्क यांची दृष्टी, गंध, स्पर्श व चव यांच्या साहाय्याने केलेली पारख होय. व्यापारात या कामाला टी टेस्टिंग आणि ते करणाऱ्या व्यक्तीला टी टेस्टर असे म्हणतात. मळ्यातील कारखान्यात, दलालांच्या कार्यालयात, लिलावापूर्वी आणि मिश्रण तयार करणाऱ्या कंपन्यांमध्ये अशा वेगवेगळ्या टप्प्यांवर हे परीक्षण होते. चहाची किंमत ठरवणे, उत्पादनातील दोष शोधणे आणि दरवर्षी एकाच चवीचे मिश्रण बनवणे ही त्याची प्रमुख उद्दिष्टे आहेत. हीच पद्धत थोड्या फरकाने घरीही वापरता येते.

चवपरीक्षणासाठी चहा करणे आणि पिण्यासाठी चहा करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पिण्याचा चहा रुचकर व्हावा अशी अपेक्षा असते. परीक्षणाचा चहा मात्र मुद्दाम अधिक दाट केला जातो, कारण चांगल्या गुणांबरोबर दोषही ठळकपणे समोर येणे आवश्यक असते.

वनस्पती आणि चहाचे प्रकार

सर्व प्रकारचा चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच वनस्पतीच्या कोवळ्या पानांपासून व कळ्यांपासून तयार होतो. या वनस्पतीचे दोन मुख्य उपप्रकार लागवडीत आहेत. सायनेन्सिस हा लहान पानांचा व थंडी सहन करणारा उपप्रकार मूळचा चीनमधील असून दार्जिलिंगच्या जुन्या मळ्यांतही तोच आढळतो. असमिका हा मोठ्या पानांचा उपप्रकार आसामच्या उष्ण व दमट मैदानी प्रदेशात चांगला वाढतो. गवती चहा ही मात्र गवताच्या कुळातील वेगळी वनस्पती असून तिचा चहाच्या झुडपाशी संबंध नाही. पुदिना, जास्वंद इत्यादींचे काढेही काटेकोर अर्थाने चहा नव्हेत.

चहाचा प्रकार मुख्यतः तोडलेल्या पानांवर होणाऱ्या प्रक्रियेवरून ठरतो. पान चुरगळले की त्यातील कॅटेचिन ही संयुगे आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर एकत्र येऊन हवेतील ऑक्सिजनच्या संपर्कात येतात व पान तांबूस होऊ लागते. कापून ठेवलेले सफरचंद लाल पडते त्यामागेही अशीच क्रिया असते. चहाच्या व्यवसायात या टप्प्याला पूर्वापार आंबवणे असे म्हटले जात असले तरी ते मुख्यतः ऑक्सिडीकरण असते. ते कुठे थांबवले जाते यावरून पुढील प्रकार मानले जातात.

हिरवा चहा : पाने तोडल्यानंतर लवकरच त्यांना उष्णता देऊन विकर निष्क्रिय केले जाते. चीनमध्ये त्यासाठी पाने बहुधा कढईत भाजतात, तर जपानमध्ये वाफवतात. त्यामुळे चिनी हिरव्या चहाला भाजलेल्या दाण्यांसारखा, तर जपानी चहाला हिरव्या भाजीसारखा किंवा समुद्री शेवाळासारखा गंध असतो.

पांढरा चहा : कळ्या व कोवळी पाने न वळता केवळ सुकवली जातात. चीनच्या फुजियान प्रांतातील फुडिंग व झेंगहे हे भाग यासाठी प्रसिद्ध आहेत.

पिवळा चहा : हिरव्या चहाप्रमाणेच प्रक्रिया करून ओलसर पाने काही काळ झाकून ठेवतात. त्यामुळे हिरवट उग्रपणा कमी होतो.

ऊलाँग : यात ऑक्सिडीकरण अर्धवट होऊ देतात. प्रमाण कमी ठेवल्यास चहा फुलांसारखा सुगंधी होतो, अधिक ठेवल्यास भाजका व गोडसर होतो. फुजियान प्रांत व तैवान ही त्याची प्रमुख केंद्रे आहेत.

काळा चहा : यात ऑक्सिडीकरण जवळपास पूर्ण होऊ देतात. चिनी भाषेत याला लाल चहा म्हणतात, कारण तेथे नाव अर्काच्या रंगावरून पडले आहे. मराठी बोलीत दुधाविना केलेल्या कोणत्याही चहाला काळा किंवा कोरा चहा म्हणतात. व्यापारातील काळा चहा ही संज्ञा प्रक्रियेशी निगडित असल्याने दोन्ही अर्थ वेगळे ठेवणे आवश्यक असते.

मुरलेला चहा : यात तयार पानांवर सूक्ष्मजीवांची क्रिया होऊ देतात. येथे आंबवणे हा शब्द अचूक ठरतो. युनान प्रांतातील पू-अर हा यातील सर्वाधिक प्रसिद्ध प्रकार असून तो अनेक वर्षे साठवला जातो.

पानांच्या प्रती

काळा चहा दोन पद्धतींनी तयार होतो. पारंपरिक म्हणजे ऑर्थोडॉक्स पद्धतीत पाने कोमेजवून, वळून, ऑक्सिडीकरण होऊ देऊन मग भट्टीत वाळवतात. पानाचा आकार त्यात बऱ्याच अंशी टिकतो. सीटीसी पद्धतीत पाने दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून व गोळी करून काढली जातात. हे यंत्र इ.स. १९३० च्या सुमारास आसाममध्ये विल्यम मॅककर्चर यांनी विकसित केले. भारतात विकल्या जाणाऱ्या दाणेदार चहापैकी बहुतांश याच पद्धतीचा असतो. बारीक दाण्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त असल्याने त्यातून रंग व कडकपणा झपाट्याने उतरतो. दूध, साखर घालून उकळलेल्या चहासाठी तो अधिक सोयीचा ठरला.

चाळणी करून ऑर्थोडॉक्स चहाचे अखंड पान, तुकडा, फॅनिंग्ज आणि डस्ट असे उतरत्या आकाराचे वर्ग केले जातात. ऑरेंज पेको ही संज्ञा पानाच्या प्रतीची आहे. तिचा संत्र्याच्या स्वादाशी संबंध नाही. पेको हा शब्द कोवळ्या कळीवरील पांढऱ्या लवीसाठी असलेल्या चिनी शब्दावरून आला आहे. एफटीजीएफओपी यांसारखी लांबलचक आद्याक्षरे पानांचा आकार आणि सोनेरी टोके असलेल्या कळ्यांचे प्रमाण दर्शवतात. चवीची हमी मात्र त्यातून मिळत नाही. एकाच प्रतीच्या दोन पेट्यांतील फरक कळण्यासाठी चहा चाखावाच लागतो.

इतिहास

चहाची व पाण्याची पद्धतशीर पारख तांग काळातील चिनी लेखक लू यू यांच्या आठव्या शतकातील चहाविषयक ग्रंथात आढळते. त्यात डोंगरातील झऱ्याचे पाणी उत्तम, नदीचे मध्यम आणि विहिरीचे कनिष्ठ अशी प्रतवारी केली आहे. सोंग काळात चहाच्या स्पर्धा भरत. घुसळलेल्या चहावर येणारा पांढरा फेस काळ्या चकाकीच्या वाडग्यात पाहून निर्णय दिला जाई. जपानमध्ये चौदाव्या शतकात तोचा नावाचा खेळ लोकप्रिय होता. क्योतोजवळील तोगानो येथील चहा खरा चहा मानला जाई आणि खेळणाऱ्यांना तो इतर ठिकाणच्या चहापासून केवळ चवीवरून वेगळा ओळखावा लागे.

आधुनिक व्यावसायिक परीक्षण लिलावांबरोबर वाढले. ईस्ट इंडिया कंपनीने इ.स. १६७९ मध्ये लंडनमध्ये चहाचा लिलाव केला. आसामात तयार झालेल्या चहाच्या पहिल्या ८ पेट्या १० जानेवारी १८३९ रोजी लंडनमध्येच लिलावात विकल्या गेल्या. कोलकाता येथे २७ डिसेंबर १८६१ रोजी, तर कोलंबो येथे इ.स. १८८३ मध्ये लिलाव सुरू झाले. लंडनचा लिलाव इ.स. १९९८ मध्ये बंद पडला. आसाममधील जोरहाटजवळच्या तोकलाई येथे इ.स. १९११ मध्ये चहा संशोधन केंद्र स्थापन झाले. चवीचा लागवड व प्रक्रियेशी असलेला संबंध तेथे शास्त्रीय रीतीने अभ्यासला जाऊ लागला.

प्रमाणित पद्धत

वेगवेगळ्या ठिकाणी केलेल्या परीक्षणांची तुलना करता यावी यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने इ.स. १९८० मध्ये आयएसओ ३१०३ हे मानक प्रसिद्ध केले. त्याची सुधारित आवृत्ती इ.स. २०१९ मध्ये निघाली. त्यातील मुख्य तरतुदी अशा आहेत :

- भांडे पांढऱ्या चिनी मातीचे किंवा चकाकी दिलेल्या मातीचे असावे. त्याची कड एका बाजूला दातेरी असावी व त्यावर झाकण सैल बसावे.
- दर १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम चहा घ्यावा. लहान भांड्यात साधारण १४० मिलिलिटर पाणी मावते व त्यास २.८ ग्रॅम चहा लागतो.
- नुकतेच उकळलेले पाणी ओतून झाकण ठेवावे व चहा ६ मिनिटे मुरू द्यावा.
- झाकण न काढता भांडे आडवे करून दातेरी कडेतून अर्क पांढऱ्या वाडग्यात गाळून घ्यावा. मागे उरलेला चोथा पाहण्यासाठी उलट्या झाकणावर काढावा.
- दुधासह परीक्षण करावयाचे असल्यास मोठ्या भांड्यासाठी ५ मिलिलिटर, तर लहान भांड्यासाठी २.५ मिलिलिटर दूध वापरावे.

या मानकाचा आधार ब्रिटिश मानक बीएस ६००८ हा होता. चहा करण्याच्या कृतीवर सहा पानांचा दस्तऐवज लिहिल्याबद्दल ब्रिटिश मानक संस्थेला इ.स. १९९९ मध्ये विनोदी स्वरूपाचा इग्नोबेल पुरस्कार देण्यात आला. तथापि या मानकाचा हेतू उत्तम चहा कसा करावा हे सांगणे हा नाही. सर्वांनी एकाच रीतीने चहा केला तरच चाखताना आढळणारा फरक चहाचा आहे, कृतीचा नाही, असे म्हणता येते. सहा मिनिटे मुरलेला हिरवा चहा बहुतेकांना कडू लागेल. परीक्षकाला मात्र तो कडूपणा किती व कसा आहे हेच नोंदवायचे असते.

परीक्षणाचे टप्पे

परीक्षणाच्या लांब मेजावर नमुने एका ओळीत मांडले जातात. प्रत्येक नमुन्याचे कोरडे पान, चोथा व अर्क एकापाठोपाठ ठेवलेले असतात. प्रकाश एकसारखा असावा लागतो, कारण रंगाचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

कोरड्या पानाचा आकार, वळ, रंग व एकसारखेपणा प्रथम पाहिला जातो. मुठीत दाबल्यावर पान कुरकुरीत वाटावे. नीट वाळवलेल्या चहात साधारण ३ टक्के ओलावा असतो. मऊ लागणारे पान ओल धरल्याचे दाखवते.

चोथ्याचा रंग व गंध प्रक्रियेचा इतिहास सांगतो. चांगल्या काळ्या चहाचा चोथा नव्या तांब्याच्या भांड्यासारखा उजळ दिसतो. हिरवट चोथा अपुऱ्या ऑक्सिडीकरणाकडे, तर काळपट व निस्तेज चोथा अतिरिक्त ऑक्सिडीकरणाकडे किंवा निकृष्ट पानाकडे निर्देश करतो.

अर्क चाखताना परीक्षक चमच्याने तो उचलून जोराचा भुरका मारतात. त्यामुळे अर्काचे सूक्ष्म तुषार हवेसह संपूर्ण तोंडात पसरतात व गंधकण घशामागून नाकापर्यंत पोहोचतात. ज्याला चव म्हटले जाते त्याचा मोठा भाग वस्तुतः गंध असल्याने हा भुरका आवश्यक असतो. काही क्षण घोळवून अर्क पिकदाणीसारख्या भांड्यात थुंकला जातो. दिवसाला शेकडो नमुने चाखावे लागत असल्याने तो गिळणे शक्य नसते. परीक्षक तंबाखू, उग्र मसाले व अत्तरे टाळतात.

परिभाषा

परीक्षकांची परिभाषा प्रामुख्याने इंग्रजीतून घडली असली तरी तिच्यातील संकल्पना मराठीत सांगता येतात.

- ब्रिस्क : जिभेला तरतरी आणणारा जिवंतपणा. याचा अभाव असलेल्या चहास फ्लॅट म्हणतात. ओल लागलेला किंवा फार जुना चहा असा लागतो.
- बॉडी : अर्काचा तोंडात जाणवणारा भरीवपणा. तो नसलेला चहा मराठीतील फुळकवणी या शब्दाने नेमका व्यक्त होतो.
- माल्टी : मोड आणून भाजलेल्या धान्यासारखी गोडसर चव. आसामच्या उत्तम चहाचे हे लक्षण मानले जाते.
- मस्कटेल : मस्कट जातीच्या द्राक्षांची आठवण करून देणारा स्वाद. दार्जिलिंगच्या उन्हाळी तोडणीत तो आढळतो.
- ब्राइट : उजळ, चमकदार अर्क. याउलट निस्तेज अर्कास डल म्हणतात.
- बेकी : भट्टीत अधिक वेळ राहिल्यामुळे येणारी करपट छटा.
- स्मोकी : धुराचा वास. सामान्यतः हा भट्टीतील दोष असतो. चीनच्या लॅपसांग सूचाँग या चहात मात्र तो पाइनच्या लाकडाचा धूर देऊन मुद्दाम आणला जातो.
- टेंटेड : साठवणुकीत किंवा वाहतुकीत बाहेरून शिरलेला वास. चहा गंध चटकन शोषून घेतो, म्हणून मसाल्यांशेजारी ठेवलेला चहा या दोषास लवकर बळी पडतो.

कडक हा मराठीतील शब्द रंग, दाटपणा, कडूपणा व तरतरी या सर्वांसाठी एकत्रितपणे वापरला जातो. परीक्षक मात्र हे चारही गुण वेगळे नोंदवतात. गडद रंगाचा चहा फिका लागू शकतो आणि फिकट रंगाचा चहा तरतरीत असू शकतो.

चवीमागील रसायनशास्त्र

चहातील कॅफिन कडू असते. कॅटेचिन कडू व तुरट असतात. थिॲनिन या अमिनो आम्लामुळे चहाला उमामी म्हणजे रुचकर, किंचित गोडसर चव येते. सावलीत वाढवलेल्या झुडपांत थिॲनिन अधिक टिकून राहते. जपानमधील ग्योकुरो चहाची झुडपे तोडणीपूर्वी काही आठवडे झाकली जातात ती यासाठीच. काळ्या चहात कॅटेचिनपासून थिआफ्लेविन व थिआरुबिजिन तयार होतात. थिआफ्लेविन अर्काला सोनेरी चमक व तरतरी देते, तर थिआरुबिजिन तांबूस रंग व भरीवपणा देते. दोहोंचे प्रमाण ऑक्सिडीकरणाच्या कालावधीवर अवलंबून असल्याने कारखान्यातील थोड्याशा विलंबानेही चव बदलते.

तुरटपणाविषयी भारतीय परंपरा व आधुनिक संवेदनशास्त्र यांच्या मांडणीत फरक आहे. आयुर्वेदात तुरट म्हणजे कषाय हा सहा रसांपैकी एक मानला जातो. आधुनिक शास्त्र गोड, आंबट, खारट, कडू व उमामी या पाच मूलभूत चवी मानते आणि तुरटपणाला स्पर्शाच्या संवेदनेत धरते. चहातील पॉलिफिनॉल लाळेतील प्रथिनांशी बांधली जातात, लाळेचा वंगणासारखा गुण कमी होतो व तोंड कोरडे, आवळल्यासारखे वाटते. दुधातील केसीन हे प्रथिनही याच संयुगांना बांधून ठेवते. त्यामुळे दूध घातल्यावर तुरटपणा घटतो. फिक्या, सुगंधी चहात दूध घातल्यास त्याचे वैशिष्ट्य झाकले जाते, तर आसामच्या दाट चहास दूध मानवते, याचे कारण हेच आहे.

प्रकारानुसार चहा करण्याची पद्धत

पिण्यासाठी चहा करताना पानांचे प्रमाण, पाण्याचे तापमान व मुरण्याचा वेळ हे तीन घटक निर्णायक ठरतात. थिॲनिन तुलनेने कमी तापमानालाही सहज उतरते, परंतु कॅटेचिन व कॅफिन अधिक उष्ण पाण्यात झपाट्याने उतरतात. म्हणून हिरव्या चहासाठी पाणी काहीसे निववून घेतात. २०० मिलिलिटर पाण्यास २ ते ३ ग्रॅम सुटा चहा हे सर्वसाधारण प्रमाण धरल्यास पुढील मर्यादा उपयुक्त ठरतात.

- ग्योकुरो : ५० ते ६० अंश सेल्सिअस, सुमारे २ मिनिटे. यासाठी पाणी कमी व पाने अधिक घेतात.
- इतर हिरवा चहा : ७० ते ८५ अंश, १ ते ३ मिनिटे.
- पांढरा चहा : ८० ते ९० अंश, ३ ते ५ मिनिटे.
- ऊलाँग : ९० ते ९५ अंश, २ ते ४ मिनिटे.
- दार्जिलिंगचा वसंत ऋतूतील चहा : ८५ ते ९० अंश, २ ते ३ मिनिटे.
- आसामचा ऑर्थोडॉक्स काळा चहा : ९५ ते १०० अंश, ३ ते ५ मिनिटे.
- पू-अर : ९५ ते १०० अंश. प्रथम पाने गरम पाण्याने धुऊन ते पाणी टाकून देण्याची प्रथा आहे.

चीन व तैवानमध्ये प्रचलित असलेल्या गोंगफू पद्धतीत १०० ते १५० मिलिलिटरचे लहान भांडे व ५ ते ७ ग्रॅम पाने घेतात आणि काही सेकंदांच्या अंतराने अनेक वेळा पाणी ओततात. ऊलाँगसारखा गोळीबंद चहा हळूहळू उलगडत जातो व प्रत्येक पाण्याला चव बदलते. एकाच पानाचे बदलते रूप या पद्धतीत अनुभवता येते. प्रमाणित पद्धतीत मात्र ते सर्व एका वाडग्यात एकत्र होते.

पाने उलगडण्यास जागा मिळणे आवश्यक असते. लहान गोल जाळीत ठासून भरलेला सुटा चहा आतून कोरडा राहतो. पाने थेट किटलीत टाकून नंतर गाळणीने गाळणे अधिक चांगले. अर्क पानांवर तसाच ठेवल्यास तो कडू होत जातो, म्हणून वेळ संपताच तो पूर्ण गाळून घेतात.

पाण्याचा परिणाम

कपातील बहुतांश भाग पाण्याचा असल्याने पाणी बदलले की चव बदलते. जड पाण्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेटमुळे अर्क गडद व निस्तेज होतो आणि वर पातळ, तेलकट दिसणारी साय धरते. अतिशुद्ध, क्षाररहित पाण्यातील चहा अनेकांना बेचव वाटतो. मिश्रण करणाऱ्या कंपन्या ज्या प्रदेशात चहा विकायचा तेथील पाणी वापरून मिश्रण चाखतात. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यावर अवलंबून असलेल्या गावातील आणि धरणाच्या मऊ पाण्यावरील शहरातील एकाच पुड्याचा चहा वेगळा लागतो, तो यामुळेच.

उंचीचाही परिणाम होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवरील दार्जिलिंग येथे पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळते. महाबळेश्वरसारख्या ठिकाणीही आधण १०० अंशांपर्यंत पोहोचत नाही. अशा ठिकाणी काळा चहा थोडा अधिक वेळ मुरू द्यावा लागतो.

हंगाम आणि चव : दार्जिलिंगचे उदाहरण

एकाच मळ्यातील चहा हंगामानुसार किती बदलतो हे दार्जिलिंगमध्ये स्पष्ट दिसते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतच्या पहिल्या तोडणीचा चहा फिकट, फुलांच्या सुगंधाचा व काहीसा तीक्ष्ण असतो. मे-जूनमधील दुसऱ्या तोडणीचा अर्क तांबूस व अधिक भरीव असून मस्कटेल स्वाद याच काळात येतो. तुडतुडे व फुलकिडे कोवळ्या पानांतील रस शोषतात तेव्हा झुडूप संरक्षणासाठी काही सुगंधी संयुगे तयार करते. या स्वादामागे त्यांचा मोठा वाटा आहे. तैवानमधील ओरिएंटल ब्यूटी हा ऊलाँगही तुडतुड्यांनी चावलेल्या पानांपासूनच बनतो. पावसाळ्यात पाने झपाट्याने वाढतात व चव सपाट होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील तोडणीचा चहा मवाळ व गोडसर असतो.

दार्जिलिंग चहाला भारतातील पहिले भौगोलिक मानांकन मिळाले व ८७ मळ्यांतील चहासाठीच हे नाव राखून ठेवण्यात आले. इ.स. २०१७ मध्ये गोरखालँडच्या मागणीसाठी झालेला बंद १०४ दिवस चालला. बंद जूनमध्ये सुरू झाल्याने सर्वाधिक भाव मिळवून देणाऱ्या दुसऱ्या तोडणीचा मोठा भाग हातचा गेला. नेपाळच्या शेजारील डोंगरांतील चहा चवीने जवळचा असल्याने तो दार्जिलिंगच्या नावाने विकला जाण्याचा प्रश्नही कायम आहे. नेपाळचा चहा स्वतःच्या नावाने उत्तम असू शकतो. दुसऱ्याचे नाव लावल्याने मात्र दोन्हीकडच्या उत्पादकांचे नुकसान होते. येथे चाखणाऱ्याची जीभ एकटी पुरेशी ठरत नाही. मालाच्या उगमाची कागदोपत्री नोंद आवश्यक असते.

लिलाव, किंमत आणि उत्पादक

भारतातील चहा व्यवसायाचे नियमन इ.स. १९५३ च्या चहा अधिनियमान्वये चहा मंडळाकडून केले जाते. मंडळाचे मुख्यालय कोलकाता येथे आहे. कोलकाता, गुवाहाटी, सिलिगुडी, कोची, कुन्नूर व कोइम्बतूर ही प्रमुख लिलाव केंद्रे आहेत. लिलावापूर्वी दलाल प्रत्येक लॉटचा नमुना चाखून त्याचे मूल्यांकन प्रसिद्ध करतात. खरेदीदारही आपापले नमुने चाखतात व त्या आधारे बोली लावतात. बोली आता संगणकावर लागत असली तरी तिच्यामागील निर्णय जिभेचाच असतो.

काही सेकंदांच्या या निर्णयाचा परिणाम दूरवर होतो. भारताच्या उत्पादनापैकी निम्म्याच्या आसपास चहा लहान उत्पादकांच्या पानांपासून तयार होतो. त्यांच्याकडे स्वतःचा कारखाना नसल्याने ते हिरवी पाने विकत घेणाऱ्या कारखान्यांना देतात. त्यांना मिळणारा दर तयार चहाच्या भावाशी जोडलेला असतो. दोन पाने व एक कळी अशी नाजूक तोडणी केल्यास चव सुधारते, परंतु वजन कमी भरते व मजुरी वाढते. चांगल्या चवीला लिलावात पुरेसा जादा भाव मिळाला तरच अशी तोडणी परवडते. अन्यथा जाड, जून पाने तोडून वजन वाढवण्याकडे कल होतो. अशा रीतीने परीक्षकाच्या नोंदी मळ्यातील तोडणीची पद्धतही ठरवतात.

वस्तुनिष्ठता व मर्यादा

मानवी जीभ थकते आणि पूर्वग्रहालाही बळी पडते. मळ्याचे नाव किंवा किंमत माहीत असल्यास निर्णय बदलू शकतो. म्हणून नावे झाकून, केवळ क्रमांक देऊन केलेले परीक्षण अधिक विश्वसनीय मानले जाते. त्रिकोणी चाचणीत तीन कपांपैकी दोन एकसारखे असतात व वेगळा कप ओळखायचा असतो. निव्वळ अंदाजाने तो ओळखला जाण्याची शक्यता एकतृतीयांश असल्याने चाचणी अनेक वेळा करावी लागते.

संख्याशास्त्रातील एक प्रसिद्ध प्रयोगही चहाशी निगडित आहे. इंग्लंडमधील रोथमस्टेड संशोधन केंद्रात काम करणाऱ्या म्युरिएल ब्रिस्टल यांनी कपात आधी दूध ओतले की आधी चहा हे आपल्याला चवीवरून ओळखता येते असे सांगितले. रोनाल्ड फिशर यांनी इ.स. १९३५ च्या आपल्या प्रयोगरचनेवरील ग्रंथात या दाव्याच्या तपासणीचे उदाहरण मांडले. आठ कपांपैकी चार कपांत आधी दूध व चार कपांत आधी चहा ओतून ते अनियमित क्रमाने द्यायचे. आठांतून चार कप निवडण्याचे ७० मार्ग असल्याने केवळ योगायोगाने सर्व उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ७० पैकी १, म्हणजे सुमारे १.४ टक्के राहते. एखाद्याला खरोखर चव कळते की तो अंदाज बांधतो, हे ठरवण्याची ही रीत पुढे विज्ञानाच्या अनेक शाखांत वापरली गेली.

यंत्राच्या साहाय्याने परीक्षण करण्याचेही प्रयत्न झाले आहेत. कोलकाता येथील सी-डॅक या संस्थेने काळ्या चहाच्या गंधावर लक्ष ठेवणारे इलेक्ट्रॉनिक नाक विकसित केले. अशी साधने ऑक्सिडीकरण केव्हा थांबवावे हे ठरवण्यास मदत करतात. तथापि व्यापारातील मूल्यांकन अजूनही प्रामुख्याने माणसेच करतात.

महाराष्ट्रातील चहा

महाराष्ट्र हे चहाचे उत्पादक राज्य नसून मोठे ग्राहक राज्य आहे. येथील प्रचलित चहा सीटीसी दाण्यांपासून पाणी, दूध व साखर एकत्र उकळून केला जातो व त्यात आले, वेलदोडा किंवा गवती चहा घालतात. पुण्यातील अमृततुल्य दुकाने अशा चहासाठी प्रसिद्ध आहेत. या पद्धतीत सूक्ष्म सुगंध उडून जातात. चहाची निवड रंग, दाटपणा व दुधातही टिकणारा जोम यांवर होते. त्यामुळे या बाजारासाठीची मिश्रणे दूध घालूनच चाखली जातात. उकळलेला चहा हा मुरवलेल्या चहाचा बिघडलेला प्रकार नव्हे. त्याचे निकष वेगळे आहेत आणि त्यासाठी लागणारे पानही वेगळे आहे. दार्जिलिंगचे महाग पान दुधात उकळणे जसे व्यर्थ, तसेच दाणेदार सीटीसी नुसत्या पाण्यात पाच मिनिटे मुरवून नाजूक सुगंधाची अपेक्षा करणेही व्यर्थ ठरते.

भेसळीची तपासणी

सुट्या चहात वापरलेला चोथा वाळवून व रंगवून मिसळणे, कृत्रिम रंग देणे किंवा लोहकण मिसळणे असे प्रकार आढळतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने घरी करता येण्याजोग्या सोप्या चाचण्या सुचवल्या आहेत. गाळण कागदावर थोडा चहा पसरून त्यावर पाणी शिंपडावे. पाने काढून कागद नळाखाली धुवावा व उजेडात पाहावा. त्यावर रंगाचे डाग उमटल्यास कृत्रिम रंगाचा संशय येतो. लोहकणांसाठी कोरड्या चहावरून लोहचुंबक फिरवून पाहतात. थंड पाण्यात टाकताच भडक रंग सोडणारा चहाही संशयास्पद मानावा. शुद्ध चहाचा रंग थंड पाण्यात सावकाश उतरतो.

घरगुती परीक्षण

घरी तुलना करण्यासाठी एकाच आकाराचे तीन पांढरे कप, ग्रॅममध्ये मोजणारा लहान काटा, घड्याळ व गाळणी एवढे साहित्य पुरते. एका वेळी एकच घटक बदलावा. एकाच प्रकारचे तीन चहा एकाच पाण्यात, एकाच वेळेत करून पाहिल्यास चहामधील फरक कळतो. एकच चहा तीन वेगवेगळ्या वेळा मुरवल्यास वेळेचा परिणाम समजतो. कपांच्या तळाशी क्रमांक चिकटवून दुसऱ्या व्यक्तीने त्यांचा क्रम बदलावा. फिक्या चहापासून सुरुवात करून दाट चहाकडे जावे. अर्क अतिगरम असताना चव नीट कळत नाही, म्हणून तो थोडा निवू द्यावा व पूर्ण निवल्यावर पुन्हा एकदा चाखावा. गरम असताना लपलेले दोष निवलेल्या चहात अनेकदा उघड होतात. प्रथम चोथ्याचा गंध, मग अर्काचा रंग, चव, तुरटपणा व घोटानंतर मागे राहणारी चव अशा क्रमाने नोंद ठेवल्यास पुढच्या वेळी तुलनेला आधार मिळतो. उरलेला सुटा चहा हवाबंद, अपारदर्शक डब्यात, ओल, उष्णता व मसाल्यांपासून दूर ठेवावा.